धागा: साठीनंतरचे हात, नवं कौशल्य आणि डोक्यावरचा १ मिलिॲम्पियर (तयारी, चुका, मोजमाप)

बालाघाट

आपल्याकडं टीडीसीएसवर (कवटीवरून मेंदूला क्षीण डीसी प्रवाह देणं) प्रबंध घेणारी पीजीची मुलं वाढायलीत. लातूर असो, नांदेड असो की संभाजीनगर, प्रश्न तेच तेच येतात, म्हणून सगळं एका धाग्यात. विषय मुद्दाम अरुंद ठेवतो: साठी ओलांडलेले निरोगी लोक, हाताचं एखादं नवं काम शिकताहेत, आणि शिकतानाच डोक्यावरून क्षीण डीसी प्रवाह दिला जातोय. लकवा, पार्किन्सन, डिप्रेशन यांचे धागे वेगळे काढा.

पाया दोन ओळींत. २००० साली गॉटिंगेनला निट्शे आणि पाउलुस यांनी दाखवलं की कवटीवरून १ एमए (मिलिॲम्पियर) दिला तर हाताच्या मोटर कॉर्टेक्सची (मेंदूचा हालचाल चालवणारा भाग) उत्तेजनक्षमता ॲनोडखाली (धन टोक) वाढते, कॅथोडखाली (ऋण टोक) घटते. पुढच्या वर्षी त्यांनी दाखवलं की प्रवाह ९ ते १३ मिनिटं दिला तर तो बंद केल्यावरही परिणाम तासभर टिकतो. एवढ्या प्रवाहानं पेशी स्वतःहून पेटत नाही, पेटायचा उंबरठा तेवढा खाली सरकतो. म्हणून त्या वेळी हात काय करतोय याला महत्त्व. नुसता खुर्चीत बसवून प्रवाह दिला तर शिकण्यासारखं काही घडतच नाही.

आता जागा. उजव्या हाताचं काम असेल तर ॲनोड डाव्या मोटर कॉर्टेक्सवर, म्हणजे सी३ वर (डोक्यावरच्या ठरलेल्या खुणांपैकी एक), आणि कॅथोड उजव्या भुवईच्या वर. शिंप्याचा टेप घ्या. नाकाच्या मुळाशी खाच असते तिथून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत मोजा. ३४ सेंमी भरलं तर १७ वर खूण. मग एका कानासमोरच्या खळगीपासून दुसऱ्या कानासमोरच्या खळगीपर्यंत, डोक्यावरून. ३६ भरलं तर १८ वर मध्य. दोन्ही मध्य जुळतात तो सीझेड. तिथून डाव्या कानाकडं ३६ चे २० टक्के, म्हणजे ७.२ सेंमी, सरकलात की सी३. बायकांचा अंबाडा सोडायला लावा, नाहीतर मागचा उंचवटा बोटाला लागत नाही आणि सगळी मोजणी पुढं सरकते. तिथं केस भांग पाडल्यासारखे दुभंगा, कातडी दिसली पाहिजे.

स्पंज ५ × ७ सेंमी, म्हणजे ३५ चौ. सेंमी. एका स्पंजाला साधारण १२ मिली सलाईन, सिरिंजनं, दोन्ही बाजूंनी सहा-सहा. बादलीत बुडवून पिळू नका. ओघळ केसांत उतरला की स्पंज कागदावर ३५ चा आणि डोक्यावर ६० चा होतो, आणि दोन्ही स्पंजांचे ओघळ एकमेकांना भेटले तर प्रवाह मेंदूत न शिरता कातडीवरूनच निघून जातो. मशीन मात्र १ एमए बरोबर दाखवत राहतं. यातली सगळ्यात फसवी चूक हीच.

नळाचं किंवा बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यात क्षार किती ते रोज वेगळं. नळाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजांखाली कातडी पोळल्याच्या नोंदी आहेत. वॉर्डातली एनएसची (नॉर्मल सलाईन) बाटली ०.९ टक्क्यांची असते, म्हणजे १५४ मिलिमोल. खाज कमी हवी तर १५ ते १४० मिलिमोल बरं पडतं. एनएसमध्ये तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलं की ७७ होतं.

गोदाकाठ

चांगला धागा. तेलाचं राहिलं. आपल्याकडच्या आज्ज्यांच्या डोक्याला खोबरेल नाही असा दिवस क्वचित. तेलाचा थर असला की इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) २० किलोओहमच्या खाली यायला तयार नसतो. ५ च्या आसपास हवा, १० च्या वर सुरूच करू नका. हिशेब सोपा आहे: १ एमए गुणिले १० किलोओहम म्हणजे १० व्होल्ट. मशीनची व्होल्टेजची मर्यादा गाठली की ते मध्येच थांबतं आणि सेशन वाया जातं. आदल्या संध्याकाळी डोकं धुऊन यायला सांगा, सकाळी तेल नको. तरी चिकट वाटलं तर कापसावर स्पिरिट घेऊन हलकं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खसाखसा घासू नका. ओरखडा पडला की प्रवाह तिथंच गोळा होतो आणि चटका बसतो.

आणि कपाळ. दुसरा स्पंज बरोबर तिथंच बसतो जिथं गंध, बुक्का, टिकलीचा डिंक असतो. माळकरी आजोबांचा बुक्का ओल्या फडक्यानं निघतो, ते काही म्हणत नाहीत. पण सवाष्ण बाईला "कुंकू पुसा" असं तोंडातून काढू नका, संमतीपत्र तिथंच परत मिळेल. पुसायची गरजही नसते. कुंकू दोन भुवयांच्या मध्ये, स्पंज उजव्या भुवईच्या वर. आतली कड मध्यरेषेपासून बोटभर अलीकडं ठेवा, पट्टा त्यावरून जाऊ देऊ नका. सलाईन मात्र त्या बाजूला ओघळता कामा नये. ओघळलं तर कुंकू थेट डोळ्यात.

खुरपं

औषधांची यादी कोणीतरी टाका ना. "निरोगी" म्हणून घेतलेल्या माणसाच्या पिशवीत चार-पाच गोळ्या निघतात.

गोदाकाठ

@खुरपं, व्हय, पिशवीच मागवायची. "कशाकशाची गोळी आहे?" विचारलं तर "बीपीची" एवढंच उत्तर येतं. पाकिटं टेबलावर ओतून वाचा.

कार्बामाझेपिननं ॲनोडचा परिणाम जवळपास नाहीसा होतो, कारण ते सोडियम चॅनेल अडवतं. फ्लुनारिझिननंही तो घटतो. चक्कर आणि अर्धशिशीसाठी हे औषध आपल्याकडं सर्रास लिहिलं जातं, म्हणून नाव लक्षात ठेवा. प्रोप्रानोलॉलनं नंतरच्या परिणामाची मुदत घटते. थरथरीसाठी घेणारे बरेच असतात आणि त्यांना तर हाताच्या कामातूनही वगळावं लागतं. सिटालोप्राम उलट परिणाम वाढवतं. आणि एक असं की जे कुणी औषध म्हणून सांगतच नाही: खोकल्याचं सिरप. त्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फान असेल तर एनएमडीए रिसेप्टर (पेशीवरचे संदेश घेणारे रेणू) अडतात आणि प्रवाह थांबल्यावर टिकणारा परिणाम उरत नाही. हिवाळ्यात सेशन असेल तर दर भेटीला विचारा.

आता तंबाखू. निकोटिननं हा परिणाम बदलतो. न ओढणाऱ्यांना निकोटिनचा पॅच लावला तर ॲनोडचा परिणाम दबतो. उलट रोज ओढणाऱ्यांचं निकोटिन तोडलं तर त्यांच्यात ॲनोडचा परिणाम दिसत नाही, निकोटिन दिल्यावर परत दिसतो. हे प्रयोग ओढणाऱ्यांवरचे, पण चुना-तंबाखू मळणाऱ्याच्या रक्तातही निकोटिनच जातं. त्यामुळं "आज खाऊ नका" हे हुकमी सांगणं चूक. खाणारे आणि न खाणारे दोन्ही गटांत सारखे वाटून घ्या, आणि खाणाऱ्यानं शेवटची चिमूट कधी घेतली ते घड्याळ पाहून लिहा. मिश्री लावणाऱ्या बायका "तंबाखू?" या प्रश्नाला नाही म्हणतात. मिश्री वेगळी विचारा.

नवशिका_परभणी

सर, मशीन महाग आहे. ९ व्होल्टची बॅटरी, एक रेझिस्टर आणि स्पंज जोडून व्हिडिओत दाखवतात, ते चालंल का? बॅटरी असल्यानं लाईट गेली तरी अडचण नाही.

बालाघाट

नाही. लाईटचा मुद्दा तसाही लागू नाही, प्रमाणित मशीनही बॅटरीवरच चालतं आणि चार्जरला जोडलेलं असताना माणसावर लावायचं नसतं.

अडचण अशी की बॅटरी व्होल्टेज धरून ठेवते, आपल्याला धरून ठेवायचा असतो प्रवाह. सुरुवातीला कातडी कोरडी, अडथळा १० किलोओहम, प्रवाह ०.९ एमए. पाच मिनिटांत घाम आणि सलाईन मुरलं, अडथळा ३ वर आला, तोच प्रवाह ३ एमए झाला, आणि तुम्हाला कळलंही नाही. रेझिस्टर घालून फरक कमी होतो, जात नाही. शिवाय चढ-उतार हळू नसतो; तार निसटली की झटका, डोळ्यांपुढं काजवे. कपाळावर स्पंज असल्यामुळं डोळ्याचा पडदा जवळच असतो. घरगुती वापराबद्दल ३९ संशोधकांनी २०१६ साली खुलं पत्र काढलं होतं, ते काही उगाच नव्हतं. प्रमाणित मशीन, ४० मिनिटांच्या आत आणि ४ एमए पर्यंत, अशी ३३,००० वर सेशन २०१६ पर्यंत तपासली गेली, गंभीर इजा सापडली नाही. तो दिलासा प्रमाणित मशीनचा आहे, व्हिडिओतल्या जुगाडाचा नव्हे.

पैठणगेट

सगळे इलेक्ट्रोडवरच बोलायलेत. माझ्या मते निम्मे प्रबंध काम निवडतानाच बुडतात.

कॉम्प्युटरवर चार कळांचा क्रम शिकवायचा, हा नेहमीचा प्रकार. पण ज्यानं आयुष्यात कीबोर्डला हात लावला नाही त्याची पहिल्या दिवशीची सुधारणा ही कळ कुठं आहे ते समजण्याची असते, क्रम शिकल्याची नाही. आदल्या दिवशी नुसत्या विस्कळीत क्रमावर सराव द्या, वेग स्थिरावेपर्यंत. मग क्रमाचे गट आणि मध्ये एक विस्कळीत गट ठेवा. त्या विस्कळीत गटात वेळ किती वाढला, तेवढंच क्रमाचं शिकणं. टचस्क्रीन घेऊ नका: शेतात राबलेल्या बोटांची कातडी जाड आणि कोरडी, स्क्रीनला स्पर्शच कळत नाही, आणि ते "उशिरा उत्तर" म्हणून नोंदलं जातं. कळा मोठ्या, खालून दाबल्याचा खट्ट आवाज येणाऱ्या. पडद्यावर इंग्रजी अक्षरं नकोत, चौकोन उजळू द्या. मोतीबिंदूवाल्यांसाठी काळ्यावर पांढरं.

दुसरं, चिमटीच्या जोराचं काम: अंगठा आणि तर्जनीनं फोर्स सेन्सर दाबून कर्सर ठरलेल्या क्रमानं फाटकांत न्यायचा. २००९ साली राइस आणि सहकाऱ्यांनी तरुणांवर पाच दिवस हेच वापरलं. प्रवाहाच्या गटाचा फायदा सेशन चालू असताना फारसा दिसला नाही, तो दोन दिवसांच्या मधल्या काळात झाला. इथं जोराची पट्टी माणसागणिक लावा, त्याच्या कमाल जोराच्या ठराविक टक्क्यांवर. नाहीतर संधिवाताच्या आजीला तुम्ही कौशल्य शिकवत नसता, तिचं दुखणं मोजत असता.

तिसरं म्हणजे खुंट्यांची पाटी, भोकांत खुंट्या बसवायची. स्वस्त, समजायला सोपी. पण चाळीस हंगाम कापूस वेचलेल्या बाईपुढं किंवा पैठणच्या विणकरापुढं ती ठेवलीत तर पहिल्याच फेरीत छत गाठलं जातं, वाढायला जागाच नाही. त्यांना डावा हात द्या. मग ॲनोड उजव्या बाजूला सी४ वर आणि दुसरा स्पंज डाव्या भुवईवर, हे बदलायला विसरू नका.

वेग आणि अचूकता वेगवेगळ्या छापू नका. म्हातारी माणसं चूक टाळायला वेग सोडतात. फक्त वेळ पाहिलात तर "शिकले नाहीत" म्हणाल, फक्त चुका पाहिल्यात तर "उत्तम शिकले". दोन्हींचा मिळून एक कौशल्यांक आधीच ठरवा आणि नोंदणीत लिहा.

खुरपं

हाताचं विचारायचंय. उजखोरेपणाची ती एडिनबरोची १० प्रश्नांची यादी जशीच्या तशी वापरायची?

पैठणगेट

वापरा, पण डोळे उघडे ठेवून. झाडूच्या प्रश्नात "वरचा हात कोणता" असं आहे, ते लांब दांड्याच्या, दोन हातांनी धरायच्या झाडूसाठी. आपली केरसुणी एका हातानं. सुरीचा प्रश्न विळीवर भाजी चिरणाऱ्या बाईला लागू पडत नाही, विळीत पातं स्थिर आणि भाजी फिरते, दोन्ही हातांनी. जेवण आणि लिखाण यांवर विसंबू नका, डावा हात लहानपणीच चापट्या मारून सोडवलेला असतो. खुरपं कुठल्या हातात, विळा कुठल्या हातात, सुईत दोरा ओवताना दोरा कुठल्या हातात, ढेकूळ भिरकावताना कुठला हात, हे विचारा. लपलेले डावखुरे इथं सापडतात. मूळ यादीचा गुणांक वेगळा नोंदवा, दोन्हींची खिचडी नको.

जिनिंग_रोड

थोडं थंड पाणी ओततो. २०१४ साली ५३ जणांवर ॲनोड-कॅथोड दोन्ही तपासले (वीथहॉफ आणि सहकारी). निम्म्यांत जवळपास काहीच बदल नाही, उरलेल्यांत दोन्हींनी वाढच. म्हणजे "ॲनोड वाढवतो, कॅथोड घटवतो" ही पाठांतराची ओळ सरासरीपुरतीसुद्धा डळमळीत आहे.

वयानं आणखी गोंधळ. मेंदू आकसतो, कवटी आणि कॉर्टेक्स यांच्या मधल्या द्रवाची जागा वाढते. तो द्रव मेंदूच्या करड्या भागापेक्षा कित्येक पट चांगला वाहक. प्रवाह त्यातून आडवा पसरतो, खाली कमी उतरतो. मग सुचतं की १ ऐवजी २ एमए देऊ. पण मात्रा सरळ रेषेत चालत नाही. कॅथोडखाली १ एमए नं उत्तेजनक्षमता घटते, २ एमए २० मिनिटं दिला तर वाढते, हे २०१३ साली बात्सिकाद्झे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्याच वर्षी माँते-सिल्वा यांच्या कामात ॲनोड सलग २६ मिनिटं दिल्यावर परिणाम उलटला. १३ मिनिटं चांगली म्हणून २६ दुप्पट चांगली, असा शेतातल्या खताचा हिशेब इथं नको. खतालाही तो लागू नाही म्हणा.

शिवाय वेळ. फुजियामा आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली पाहिलं की तरुणांत उत्तेजनक्षमता लगेच वाढते, वयस्कांत सुमारे अर्ध्या तासानं. प्रवाह थांबल्या थांबल्या मोजून "परिणाम नाही" लिहिणारे इथं फसतात.

आणि संख्या. मध्यम परिणाम, म्हणजे कोहेनचा डी ०.५, दोन स्वतंत्र गट, ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता): दर गटात ६४ माणसं. १२-१२ माणसांचा प्रबंध काय सिद्ध करणार, बगा. तेवढीच माणसं मिळणार असतील तर त्याच माणसावर खरा आणि खोटा दोन्ही द्या, क्रम चिठ्ठीनं. त्यात मात्र पहिल्या वेळी शिकलेला क्रम दुसऱ्या वेळी आठवतो, म्हणून सारख्याच अवघड अशा दोन वेगळ्या क्रमांची जोडी आधी तरुणांवर तपासून ठेवा.

बालाघाट

@जिनिंग_रोड, मुद्दे मान्य. पण झिमरमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली वयस्कांतच बोटांच्या क्रमावर फायदा दाखवलाय, दुसऱ्या दिवशीही टिकलेला. सगळंच मोडीत काढायला नको.

जिनिंग_रोड

मोडीत काढत नाही दादा. दुसऱ्या दिवशी मोजा एवढंच म्हणणं. मोजायची जागा तीच आहे.

तेरणा

दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक आपल्याकडं कसं बसवायचं, त्यावर लिहिते. २४ तासांनी परत या म्हणणं सोपं, पण गावाहून येणारी एसटी दिवसातून दोनदा. सेशनची वेळ बसवर ठरवा, म्हणजे दोन्ही दिवस एकाच तासाला माणूस समोर असेल. बाजाराचा दिवस टाळा. मृगाच्या पेरणीत कुणी येणार नाही, आषाढात निम्मे वारीला, ऑक्टोबरात सोयाबीन आणि मागोमाग कापूस. जानेवारी ते मार्च मोकळे. तीन महिन्यांची फेरतपासणी असेल तर ती पेरणीत पडते, म्हणून सुरुवात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच हवी.

झोप विचारा. शिकलेलं रात्रीत मुरतं, आणि गावात सप्ताह चालू असेल तर आजोबा रात्रभर कीर्तनात. त्या आठवड्यात सेशन नको. एकादशी आणि चतुर्थीचे उपासही नोंदवा.

उन्हाळ्यात करावंच लागलं तर कूलरचा झोत डोक्यावर येऊ देऊ नका, ४२ डिग्रीला स्पंजाच्या कडा दहा मिनिटांत वाळतात. प्रवाह मग मधल्या ओल्या भागातून जातो, घनता वाढते, माणूस "चुरचुरतंय" म्हणतो. दहाव्या मिनिटाला सिरिंजनं २-३ मिली कडेला सोडा. दुसरीकडं घाम कपाळावरून कानाशी उतरून दोन स्पंज जोडतो, म्हणून मधली कातडी टिपकागदानं टिपत राहा.

नवशिका_परभणी

ताई, खोटा प्रवाह कसा द्यायचा? माणसाला कळतं का?

तेरणा

३० सेकंदांत १ एमए पर्यंत चढवायचा, मग उतरवून बंद, स्पंज २० मिनिटं तसेच. खाज पहिल्या मिनिटातच जास्त असते, म्हणून बहुतेकांना फरक कळत नाही. २ एमए ला मात्र ओळखण्याचा धोका वाढतो. मशीनवर कोड टाकणारा आणि गुण मोजणारा एकच असता कामा नये. आणि शेवटच्या दिवशी विचारा: "तुम्हाला खरा मिळाला की खोटा, काय वाटतं?" उत्तर "माहीत नाही" असंही चालतं, तिसरा रकाना ठेवा. स्पंज काढल्यावर कातडी लाल दिसते, ती खऱ्या गटात जास्त. मोजणाऱ्यानं बघू नये म्हणून कपाळावर टोपी किंवा पदर येईपर्यंत त्यानं खोलीत यायचं नाही.

लिहिता न येणाऱ्यांची संमती अंगठ्यानं, पण संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा, तुमचा ज्युनियर नव्हे. आणि सीटीआरआयची (देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही) नोंदणी पहिला माणूस घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी घेतच नाहीत, गाईड विसरले तरी तुम्ही विसरू नका. स्मृतीची चाळणी लावताना न शिकलेल्यांना साधी मोका (स्मृती-विचारांची छोटी चाचणी) लावून बाद करू नका, त्यांच्यासाठी मोका बेसिक आहे.

खुरपं

सेरेबेलमवर (डोक्यामागचा छोटा मेंदू) कुणी लावतं का?

जिनिंग_रोड

लावतात. मागच्या उंचवट्यापासून ३ सेंमी बाजूला, आणि दुसरा स्पंज त्याच बाजूच्या गालावर. गालाची दाढी त्या सकाळी केलेली नको, ताज्या दाढीवर सलाईन झोंबतं. २०११ साली गालेया आणि सहकाऱ्यांना दिसलं की सेरेबेलमवर दिलं की नव्या बदलाशी जुळवून घेणं लवकर होतं, मोटर कॉर्टेक्सवर दिलं की टिकतं जास्त. वयस्कांत २०१४ साली हार्डविक आणि सेल्निक यांना सेरेबेलमचा फायदा दिसला, पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कामात वयस्कांत असा फायदा दिसला नाही. एकाच प्रबंधात दोन्ही जागा घेऊ नका, माणसं पुरत नाहीत.

नवशिका_परभणी

शेवटचं. स्पंज किती वेळा वापरायचे?

बालाघाट

दर माणसाला वेगळी जोडी, पाच दिवस तीच, नाव लिहिलेल्या झिपच्या पिशवीत. सेशन झालं की लगेच डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोनदा खळबळून सावलीत वाळवा. मीठ आत वाळलं की कडक खडे होतात, पुढच्या वेळी तेच टोचतात. रबराची पट्टी स्पंजातून काढून वेगळी पुसा आणि वाकवून बघा. बारीक भेग दिसली की टाकून द्या, चिकटपट्टी लावून चालवू नका. आणि तारेची पिन रबरात पूर्ण आत गेलीय का ते दर वेळी बोटानं चाचपा. धातूचं टोक उघडं राहून स्पंजाला टेकलं तर बरोबर तेवढ्याच जागी मसुराएवढा चट्टा उठतो.